मुलीला आइस डान्सकडे वळवावं का? मिसिसॉगाच्या एका आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरा वर्षांची, मिसिसॉगाच्या एका क्लबमध्ये लहानपणापासून फिगर स्केटिंग करते. कोचचं म्हणणं, ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या, उड्यांपर्यंत ती पोचेल असं वाटत नाही, पण तिचा गुडघा मऊ आहे आणि कान तयार आहे, तेव्हा आइस डान्सचा, म्हणजे जोडीने बर्फावर करायच्या नृत्याच्या खेळाचा, विचार करा. आईच्या शंका बऱ्याच आहेत. उड्या न जमणाऱ्यांसाठीचा हा दुय्यम खेळ तर नाही ना? करिअर किती वर्षांचं? खर्च किती? जोडीला मुलगा कुठून आणायचा? शाळेचं काय, भरतनाट्यम सोडायचं का? आणि पुढेमागे भारताकडून खेळता येईल का?

मी दक्षिण ऑंटारिओत बरीच वर्षं आइस डान्स शिकवते आणि स्पर्धांमध्ये टेक्निकल पॅनलवरही, म्हणजे पावलं आणि घटक तपासणाऱ्या पथकात, बसते. सगळ्या शंकांची उत्तरं देते, फक्त क्रम माझा ठेवते. कारण या खेळात करिअर घडतं ते जोडीचं. ही एक गोष्ट नीट समजली की खर्च, वय, शाळा, सगळ्याचा हिशेब वेगळा दिसायला लागतो.

आधी दुय्यमपणाबद्दल. तो विचार मनातून काढून टाका. नियमांनी या खेळातून काय काय काढून घेतलंय ते बघा. एका फेरीपेक्षा मोठी उडी चालत नाही. पार्टनरला हवेत फेकता येत नाही. उचलणाऱ्याला हात डोक्यावर पूर्ण ताणून पार्टनरला वर धरून ठेवता येत नाही. साधी लिफ्ट सात सेकंदांत खाली आली पाहिजे, नाहीतर गुण कापले जातात. एवढं सगळं गेल्यावर उरतं काय? ब्लेड, बर्फ, संगीत आणि दोघांमधलं अंतर. सिंगल्समध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या स्केटिंगमध्ये, एखादी मुलगी मधली पावलं कशीबशी मारून नेते आणि उडीवर गुण मिळवते. आइस डान्समध्ये ती पावलंच परीक्षेला असतात.

ब्लेड चार-पाच मिलिमीटर रुंद असतं. तळाला लांबीभर पन्हळ घासलेली असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा येतात. आम्ही ज्याला एज म्हणतो ती हीच. शरीर एका कडेवर झुकवलं की स्केटर आपोआप वळणावर जातो. जितकं झुकणं खोल, तितकं वळण गोल आणि वेग टिकाऊ. खोल एजचा आवाज दबका आणि सलग येतो. सपाट ब्लेडवर जाणारी मुलगी बर्फ खरवडते, ते डोळे मिटूनही कळतं. आइस डान्सचं ब्लेड टाचेकडे आखूड असतं. दोघं इतक्या जवळून वळतात की नेहमीचं लांब ब्लेड पार्टनरच्या पायात यायचं. तेव्हा मुलीने खरंच हा मार्ग घेतला तर तिच्या सध्याच्या ब्लेडवर फार काळ काढू नका. शेफील्डच्या जुन्या कंपन्या डान्ससाठी वेगळी ब्लेड बनवतात, आणि शिकताना तो फरक पायाला जाणवतो.

एक ट्विझल घ्या. दोघं शेजारी शेजारी, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, एका पायावर गिरक्या घेत रिंकवरून पुढे सरकतात. स्पिनसारखं एका जागी थांबायचं नाही. प्रत्येक फेरीत शरीर पुढे गेलं पाहिजे, आणि वरची लेव्हल, म्हणजे अवघडपणाची श्रेणी, हवी असेल तर चार फेऱ्या, वेगळ्या एजवरून सुरुवात, कधी हात डोक्यावर, कधी मागे उचललेल्या पायाचं ब्लेड हातात. वेग दोघांचा एक, थांबणं एकाच क्षणी. लेव्हल दोघांची वेगवेगळी मोजली जाते, पण गुणवत्तेचे गुण, उणे पाच ते अधिक पाच, जोडीला मिळून एकच. म्हणजे तुमची मुलगी बिनचूक फिरली आणि शेजारचा अर्धी फेरी मागे राहिला, तर तिच्याही पदरात कमीच पडतं.

पॅनलवर आम्ही तिघं असतो आणि समोर व्हिडिओ. ठरलेल्या पॅटर्नमधल्या मोक्याच्या जागा पुन्हा पुन्हा पाहतो. वळायच्या आधी एज खरंच बाहेरची होती का, की पाय आधीच आत पडला? मान्य किंवा अमान्य, मधलं काही नाही. प्रेक्षकांना हे दिसत नाही, म्हणूनच त्यांना हा खेळ निव्वळ पोशाख आणि हावभाव वाटतो.

पंचांच्या मर्जीचा खेळ म्हणून याची बदनामी झाली, ती मात्र खोटी नव्हती. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये एका पंचाने स्पर्धेआधीच जोड्यांचा क्रम फोनवर सांगितला आणि ते बोलणं रेकॉर्ड झालं. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पेअर्सच्या, म्हणजे मोठ्या उड्या आणि फेकी असलेल्या जोडी-स्केटिंगच्या, निकालावरून गदारोळ झाला आणि त्यातून सहा पैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली. आताच्या पद्धतीत प्रत्येक घटकाचा हिशेब कागदावर मिळतो. तरी एक सांगते, नावाचं वजन अजून आहे. नवीन जोडीला रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्याचे गुण सावकाश चढतात. पहिल्या दोन मोसमांत गुण पाहून रडायचं नाही, हे मी पालकांना आधीच सांगून ठेवते.

आता वय. सिंगल्समध्ये मुलींचा बहर लवकर यायचा. इतका लवकर की आंतरराष्ट्रीय संघटनेने सीनियरचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं. आइस डान्समध्ये उलट आहे. इथे सतराव्या वर्षी कोणी पिकत नाही. अमेरिकेचा इव्हान बेट्स २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये एका पार्टनरबरोबर उतरला होता. पुढे २०११ पासून मॅडिसन चॉकबरोबर जोडी जमली, आणि पहिलं जागतिक विजेतेपद आलं २०२३ मध्ये, त्याच्या वयाच्या चौतिसाव्या वर्षी. मग २०२४ आणि २०२५ लाही तेच जिंकले. त्या दोघांनी लग्न केलं ते सुद्धा २०२४ मध्ये, स्पर्धा चालू असताना. म्हणजे तुमची मुलगी या मार्गाने खरोखर वर गेली तर पुढची पंधरा-सोळा वर्षं मोजा. अकरा ते तेरा पाया, मग ज्युनियर, मग सीनियरमधली ओळख नसलेली दोन-तीन वर्षं, आणि त्यानंतर कुठे ऑलिम्पिकचं बोलणं.

संपूर्ण करिअर कसं दिसतं ते पाहायचं तर दूर जायला नको, आपल्याच प्रांतात आहे. टेसा व्हर्च्यू लंडन, ऑंटारिओची, स्कॉट मॉयर तिथून जवळच्या इल्डर्टनचा. १९९७ मध्ये स्कॉटच्या मावशीने, त्या स्वतः कोच होत्या, दोघांना एकत्र उभं केलं. ती सात वर्षांची, तो नऊ. टेसाला पुढे कॅनडाच्या नॅशनल बॅले स्कूलमध्ये जायची संधी आली होती. तिने स्केटिंग निवडलं. आधी किचनर-वॉटर्लू, मग किशोरवयातच सीमेपलीकडे मिशिगनमधलं कँटन, मरीना झुएवा आणि इगोर श्पिलबँड यांच्याकडे. किशोरवयात घर सोडणं हा या खेळातला नेहमीचा टप्पा आहे. त्याची तयारी मुलीआधी आईवडिलांनी करायची असते.

२००६ मध्ये ज्युनियर जागतिक विजेतेपद आलं. आणि मग जे झालं ते तुम्ही नीट वाचावं असं मला वाटतं. टेसाच्या नडग्यांत असह्य वेदना सुरू झाल्या. व्यायामाने स्नायू फुगतो, पण त्याभोवतीचं आवरण सैल होत नाही, आत दाब वाढत जातो, असा तो आजार. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. स्कॉट त्या काळात वाळूच्या पिशव्या आणि हॉकी स्टिक घेऊन एकटाच सराव करत होता. दोघांमधलं बोलणं त्या दिवसांत जवळपास बंद पडलं होतं, हे त्यांनीच पुढे सांगितलं. शरीर बरं झालं, पण जोडी दुरुस्त करायला वेळ लागला, त्यासाठी त्यांनी तज्ज्ञांची मदत घेतली. २०१० मध्ये व्हँकुव्हरला सुवर्णपदक मिळालं, आइस डान्समधलं उत्तर अमेरिकेचं पहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नडग्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया.

२०१४ ला सोचीत त्यांना हरवलं मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी. ही जोडी कित्येक वर्षं त्यांच्याच रिंकवर, त्याच कोचकडे सराव करत होती. रोज सकाळी समोर आपला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी, आणि कोच दोघांचा एकच. पालक मला विचारतात की असं चालतं कसं. चालतं, आणि दोन्ही जोड्या त्यामुळेच इतक्या वर गेल्या असं माझं मत आहे. पण कोचचं लक्ष कुणाकडे जास्त, हा प्रश्न प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर येतोच.

मग दोन वर्षं थांबून २०१६ मध्ये दोघं परत आले, या वेळी माँट्रियलला, मारी-फ्रान्स दुब्रुई आणि पात्रिस लोझाँ यांच्याकडे. तिथेही तोच प्रकार, फ्रान्सची गॅब्रिएला पापादाकिस आणि गियोम सिझेरोन ही जोडी त्याच शाळेतली. २०१८ च्या प्याँगचँगमध्ये शॉर्ट डान्सच्या, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीच्या, सुरुवातीलाच पापादाकिसच्या पोशाखाचा मानेमागचा हूक सुटला. पूर्ण नाच तिने पोशाख सांभाळत केला. त्या फेरीत फ्रेंच जोडीला ८१.९३ आणि कॅनेडियन जोडीला ८३.६७ गुण मिळाले. दुसऱ्या फेरीत, फ्री डान्समध्ये, फ्रेंच जोडी पुढे होती, १२३.३५ विरुद्ध १२२.४०. बेरीज कॅनेडियन जोडीची २०६.०७, फ्रेंच जोडीची २०५.२८. एकोणऐंशी शतांश गुणांनी सुवर्ण टेसा आणि स्कॉटचं. माझ्या विद्यार्थिनींना मी पोशाख स्पर्धेआधी किमान आठवडाभर घालून पूर्ण कार्यक्रम करायला लावते, लिफ्टसकट, आणि प्रत्येक हूक दुहेरी शिवून घ्यायला सांगते. पोशाखाला कपाट हे ठिकाण नाही, रिंक आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, मुलगा कुठून आणायचा. कॅनडात मुलं हॉकीला जातात, हे तुम्हाला दिसतंच आहे. डान्स करायला तयार असलेल्या मुलींच्या मानाने मुलगे फार थोडे. त्यामुळे चांगली एज असलेल्या कितीतरी मुली दोन-दोन वर्षं वाट पाहतात. स्केट कॅनडा या देशाच्या स्केटिंग संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्या बदलली. आता 'दोन स्केटर' म्हणजे जोडी, त्यात मुलगा-मुलगी अशी अट नाही. दोन मुली मिळून कॅनडात स्पर्धा करू शकतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र अजूनही जोडीत एक स्त्री आणि एक पुरुष लागतो. तरीही दोन मुलींची जोडी म्हणजे वेळ वाया, असं मी मानत नाही. हात धरून वळायची, दुसऱ्याच्या श्वासावर पाऊल टाकायची सवय लहान वयात लागते, ती एकट्याने सोलो डान्स करून तेवढी लागत नाही.

ट्रायआउट, म्हणजे नवीन जोडी जमते का ते पाहायची चाचणी, कसा असतो ते सांगते, कारण पहिल्यांदा जाताना आईवडील उगाच घाबरतात. दोघांना बर्फावर सोडतात, आधी नुसते हात धरून रिंकला चकरा मारायला सांगतात. मग किलियन होल्ड, म्हणजे शेजारी शेजारी, एकाच दिशेने तोंड करून. मग वॉल्ट्झ होल्ड, समोरासमोर. मी त्या वेळी पायांकडे बघतच नाही. गुडघे बघते. दोघांचे गुडघे एकाच क्षणी वाकतात का, वर येताना कोण आधी येतो, आणि जो आधी येतो तो दुसऱ्यासाठी थांबतो का. उंचीचा फरक, ब्लेडची पकड, घरचा पैसा, हे सगळं नंतर बोलता येतं. गुडघ्यांची लय जमवायला मात्र वर्षं जातात, काही जोड्यांची जमतच नाही. त्यानंतर मी दोघांना बेंचवर पाणी प्यायला बसवते आणि लांबून पाहते. चूक झाल्यावर 'माझं चुकलं' किंवा 'परत करूया' म्हणणारी मुलं टिकतात. ब्लेडकडे किंवा दुसऱ्याकडे बोट दाखवणारी मुलं पहिल्याच खराब मोसमात तुटतात.

आणि जोडी तुटली की काय जातं? कार्यक्रम जातो, क्रमवारीतलं नाव जातं, लिफ्ट जातात, कारण लिफ्ट त्या दोन शरीरांच्या मापाने बसवलेली असते. राहते ती एज. म्हणून पहिली दोन वर्षं पार्टनरच्या शोधापेक्षा एजवर घालवा. जी मुलगी उत्तम स्केट करते तिच्याकडे पार्टनर चालत येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पैशाबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून बोलते. बर्फाचा वेळ, कोचची फी, कोरिओग्राफर, संगीत कापून-जोडून घेणं, पोशाख, ब्लेडला धार, बूट, प्रवास, टेस्टच्या फिया. कोचची फी जोडीत अर्धी-अर्धी वाटली जाते, हा फायदा. पण मुलगे कमी असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी मुलीच्या घरचे मुलाच्याही खर्चाचा वाटा उचलतात, कधी त्याच्या राहण्याचाही. हे लाजेचं नाही, पण कागदावर लिहून ठेवा: कोण काय देणार, आणि जोडी मोसमाच्या मध्यात मोडली तर उरलेल्या खर्चाचं काय. नातं चांगलं असतानाच हे लिहायचं. राष्ट्रीय संघाच्या पातळीवर पोचल्यावर कॅनडाच्या केंद्र सरकारकडून खेळाडूंना मासिक भत्ता मिळतो. तोवर घरच्यांनीच.

हे आजचंच नाही. नॉटिंगहॅमचे जेन टोरविल आणि ख्रिस्तोफर डीन, ज्यांनी १९८४ मध्ये सारायेव्होला सुवर्ण घेतलं आणि कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ पंचांकडून सहा पैकी सहा घेतले, त्यातली ती विमा कंपनीत क्लार्क होती आणि तो पोलीस. नोकऱ्या सांभाळून सराव. त्यांच्या शहराच्या कौन्सिलने आर्थिक मदत दिली तेव्हा कुठे पूर्ण वेळ स्केटिंग करता आलं. त्यांच्या त्या नाचाची एक गोष्ट कोरिओग्राफरच्या फीबद्दल कुरकुर करणाऱ्या पालकांना मी सांगते. रॅव्हेलचं 'बोलेरो' कितीही कापलं तरी चार मिनिटं अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना, आणि मर्यादा होती चार मिनिटं दहा. नियम असा की वेळ मोजायची ती ब्लेडने बर्फावर स्केटिंग सुरू झाल्यापासून. मग दोघांनी पहिली अठरा सेकंदं गुडघ्यांवर बसूनच नृत्य केलं. नियमपुस्तक पाठ असलेला कोरिओग्राफर महाग वाटला तरी घ्या. भरजरी पोशाखावर तेवढा खर्च करू नका.

दुखापतींबद्दल: मोठ्या उड्या नाहीत म्हणून घोटे-गुडघ्यांवर आदळणं कमी, पण नितंब, कंबर आणि खांदे झिजतात, आणि लिफ्टमधून पडणं फार वाईट असतं. वर ज्यांचं नाव घेतलं त्या दुब्रुई २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये ओरिजिनल डान्सच्या (तेव्हाच्या एका फेरीच्या) शेवटी लिफ्टमधून बर्फावर पडल्या. फ्री डान्स करताच आला नाही, ऑलिम्पिक तिथेच संपलं. पुढच्याच महिन्यात कॅल्गरीला त्यांनी आणि त्यांचे पार्टनर लोझाँ यांनी जागतिक स्पर्धेत रौप्य घेतलं. ऑलिम्पिक पदक त्यांना कधीच मिळालं नाही. पण २०२२ च्या बीजिंगमध्ये त्यांच्या शाळेतल्या जोड्यांनी सुवर्ण आणि कांस्य घेतलं आणि चौथा क्रमांकही. नवीन लिफ्ट जमिनीवर, मॅटवर, बुटांशिवाय पक्की झाल्याखेरीज बर्फावर करू देऊ नका. कोच घाई करत असेल तर तुम्ही बोला. आईने बोलायची जागा हीच आहे.

शाळा सोडू नका. डेव्हिस आणि व्हाइट ऑलिम्पिकच्या तयारीत असताना मिशिगन विद्यापीठात शिकत होते. पदवीला वेळ लागला, पण शिक्षण तुटलं नाही. टेसा व्हर्च्यूने स्पर्धा संपल्यावर एमबीए केलं. स्कॉट आता लंडन, ऑंटारिओमध्येच माँट्रियलच्या त्या शाळेची शाखा सांभाळतो. कोचिंग, कोरिओग्राफी, टेक्निकल पॅनल, आइस शो, टीव्हीवरचं समालोचन, या खेळातून बाहेर पडल्यावरची ही नेहमीची कामं. त्यात पोट भरतं, पण बहुतेकांचं साधेपणाने. कोचिंगची पात्रता परीक्षा मुलीने सोळा-सतराव्या वर्षापासून द्यायला सुरुवात करावी. लहान मुलांना शिकवताना स्वतःची एजही सुधारते, आणि चार पैसे हाती येतात.

भरतनाट्यम? निदान तेरा-चौदापर्यंत चालू ठेवा, मी तर आग्रहाने सांगेन. अरैमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, बसलेली मुलगी गुडघा वाकवायला घाबरत नाही, ताल तिला मोजावा लागत नाही, आणि चेहरा कुठे न्यायचा हे तिला माहीत असतं. आमच्याकडच्या मुलांना हे तीनही शिकवताना आमचा घाम निघतो. फक्त एक फरक तिला समजावा: तिथे पाय जमिनीवर आपटून ताल सांगायचा, इथे तोच ताल आवाज न करता, वळणात मुरवून सांगायचा. सुरुवातीला ती पाऊल ठोकेल. रागावू नका, सहा महिन्यांत सुटतं.

आणि आपल्याकडचं नृत्य या खेळात परकं नाही. २००९-१० च्या मोसमात ओरिजिनल डान्सचा विषय लोकनृत्य होता, आणि डेव्हिस-व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीतांवर नाच बसवला. मिशिगनमधल्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन ते मान, मनगट आणि नजर शिकून आले. व्हँकुव्हरला त्यांना रौप्य मिळालं, आणि तो नाच भारतात स्केटिंग कधी न पाहिलेल्या लोकांनीही पाहिला. मुलीला तो नक्की दाखवा. त्यात हाताच्या हालचालींना टाळ्या पडतात, पण तिला सांगा की हात एवढे मोकळे राहिले ते खाली एज पक्की होती म्हणून.

शेवटी भारताकडून खेळण्याचं. आइस स्केटिंगच्या जागतिक आणि तत्सम स्पर्धांत जोडीतल्या एकाकडे त्या देशाचं नागरिकत्व असलं तरी चालतं. ऑलिम्पिकला मात्र दोघांकडेही लागतं. यातून किती घोळ होतो त्याची दोन उदाहरणं. अमेरिकेकडून खेळणारी तानिथ बेल्बिन जन्माने कॅनेडियन. २००५ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तिला अमेरिकन नागरिकत्व मिळालं, तेही त्यासाठी संसदेने कायदा केल्यावर, आणि दोनच महिन्यांत ट्युरिनला तिने रौप्य घेतलं. उलट लिथुआनियाकडून खेळणाऱ्या अमेरिकेत जन्मलेल्या ॲलिसन रीडला वेळेत नागरिकत्व मिळालं नाही आणि तिचं व तिच्या पार्टनरचं २०२२ चं ऑलिम्पिक हुकलं. जोडीतल्या एकाचा कागद अडला की दोघं अडतात.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारतीय संघात भारतीय पासपोर्टधारकच खेळतील हे सरकारचं धोरण २००८ मध्ये ठरलं. तेव्हा मुलीकडे आज कुठला पासपोर्ट आहे ते आधी पाहा. अजून भारतीय असेल तर कॅनेडियन नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधी हा विचार एकदा करा. कॅनेडियन असेल तर तो विषय सध्या बाजूला ठेवा. एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्यावर देश बदलायचा तर आधीच्या संघटनेची परवानगी लागते आणि ठरावीक काळ थांबावंही लागतं. भारतात राहून हा खेळ करणं अजून फार अवघड आहे. देहरादूनची मोठी रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि नंतर कित्येक वर्षं बंद पडून होती. सराव तुम्हाला इथेच करावा लागेल, झेंडा कुठलाही असो.

या मोसमात काय करायचं ते सांगते. सिंगल्स एकदम सोडू नका. आठवड्यातले दोन धडे डान्स कोचकडे घ्या, जमल्यास अशा कोचकडे जो स्वतः मुलीबरोबर जोडीने स्केट करून दाखवतो. डच वॉल्ट्झ, कनास्टा टँगो, बेबी ब्लूज या सुरुवातीच्या डान्सच्या टेस्ट द्या. मार्चच्या सुमारास मोसम संपला की जोड्या मोडतात आणि नवीन जमतात, ट्रायआउट तेव्हाच होतात. तिच्या स्केटिंगचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ तोवर तयार ठेवा: पुढे आणि मागे क्रॉसओव्हर (वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), दोन्ही दिशांना, पूर्ण शरीर आणि ब्लेड दिसेल असा, संगीत न लावता. संगीत लावलं की बर्फाचा आवाज ऐकू येत नाही, आणि आम्ही आधी तोच ऐकतो.